कोरडं वजन

सोहारच्या हॉस्पिटलात पहाटे चारची पाळी.
खल्फान काट्यावर उभे राहतात, चपला काढून,
मशिदीबाहेर काढतात तशाच, टाचा जुळवून.
त्रेसष्ट किलो नऊशे.
"ताक प्यालात ना?"
"उन्हाला विचार," म्हणतात.

इथे प्रत्येकाच्या फाइलवर एक आकडा असतो: कोरडं वजन.
साठलेलं पाणी सगळं काढलं
तर माणूस किती उरतो, तो आकडा.
खल्फान एकसष्ट दोनशे.
बाकी वरचं.

वरचं म्हणजे काय, ते या महिन्यात मला कळतंय.
बंदराबाहेर जहाजं थांबलीत ओळीने, दिवे लावून,
पुढे जायचं की मागे, त्यांना कुणी सांगत नाही.
विमानं रद्द.
पवनीहून आई रोज विचारते, तिकडे आवाज येतात का गं?
येतात, पण इकडचे नाहीत, तुझ्याच घरातले:
मामांना नको ते बोलून प्रज्योतने ग्रुप सोडला,
आणि काहीच बोलले नाही म्हणून मामांनी मला काढलं.

रात्री खाटेवर मांडी घालून बसते.
बाबांनी शिकवलेलं आनापान.
नाकपुडीच्या टोकाशी पहारा: हा आला, हा गेला.
तिसऱ्या श्वासाला हात फोनकडे.
मन पळालं तर रागावू नको, बाबा म्हणायचे,
गाय वळवतात तसं वळव.
वळवून नेऊ कुठे बाबा,
कुरणच पेटलंय.

पण खल्फानच्या दंडावर दोन बोटं ठेवली
की कातडीखाली फिस्टुला गुणगुणतो,
काडेपेटीत कोंडलेल्या भुंग्यासारखा,
आणि तेवढ्यापुरती मी कुठेच जात नाही.
हे ध्यान आहे का, विचारायला बाबा नाहीत.

शेजारच्या खुर्चीत सियालकोटचे शिंपी गुलाम सरवर,
पलीकडे कुरियाकोस, टँकर चालवायचे.
कुणाच्या बातम्या खऱ्या, यावरून
मंगळवारी दोघे असे भांडले
की मशीनने रक्तदाबाची घंटा वाजवली.
रिमोटच्या बॅटऱ्या तेव्हापासून माझ्या खिशात.

आज पावणेसहाला वीज गेली.
जनरेटर खोकला, थांबला.
जुन्या मशीनच्या बॅटऱ्या केव्हाच मेलेल्या,
आणि अकरा माणसांचं रक्त
अंगाबाहेर, नळ्यांत, थंड व्हायला लागलेलं.
आम्ही नर्स तिघी.

पंपाला हाताची मूठ असते. घड्याळाच्या दिशेने, सावकाश.
मी खल्फानचा पंप धरला आणि ओरडले,
ज्याचा हात मोकळा आहे त्याने आपापला फिरवा!
कुरियाकोसचा हात पोचेना.
गुलाम सरवर खुर्चीतून वाकले, सुई सांभाळत,
उजव्या हाताने आपला फिरवेनात, त्याचा फिरवू लागले.
मग तिकडून कुणी धावलं त्यांच्याकडे.

अंधारात वेग चुकू नये म्हणून
प्रत्येक जण काहीतरी मोजत होता.
सुब्हानल्लाह, सुब्हानल्लाह. कुणी मल्याळममधून मेरीला.
मी श्वास मोजत होते, हा आला, हा गेला,
आणि कितवा होता ते आठवत नाही,
कारण तिसऱ्याला कुणी थांबवलंच नाही मला.

सात मिनिटं, असं वहीत लिहिलंय.
दिवे आले तेव्हा कुरियाकोस एवढंच म्हणाले,
"जरा हळू फिरवायचं, भाई, डोकं गरगरलं."

प्रज्योतला आज लिहीन म्हणते.
काय ते माहीत नाही. जेवलास का, एवढंच बहुतेक.

उशिरा पुन्हा मशीन लावून, आता दुपारी,
खल्फान काट्यावर. एकसष्ट चारशे.
दोनशे शिल्लक राहिलं, मी म्हटलं.
"राहू दे. तू चढ आता."
हसत चढले, बूट, फोन, बॅटऱ्या सगळ्यासकट.
आकडा थरथरत राहिला, ठरेना.
जपमाळ मनगटाला गुंडाळत खल्फान म्हणाले,
"सिस्टर, श्वास धरून ठेवू नकोस."